शंका-समाधान : बुद्धिबळाच्या कोड्यांची फाइल कशी असावी?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की बुद्धिबळाच्या कोड्यांसाठी एक्सएमएलचा एक साचा आणि ती फाइल वाचणारी, तपासणारी, छापणारी छोटी सॉफ्टवेअर्स मी बांधते आहे. कोडी म्हणजे खेळलेले डाव नव्हेत. ‘पांढऱ्याची चाल, दोन खेळींत मात’ अशी अट घालून मुद्दाम रचलेल्या स्थिती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरं देते. एक्सएमएल म्हणजे काय, असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात: मजकुराचा प्रत्येक भाग कशाचा आहे हे सांगणाऱ्या खुणा त्या मजकुराच्या मागेपुढे लावायच्या, आणि सगळं साध्या अक्षरांत लिहायचं. १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ही पद्धत प्रमाण म्हणून जाहीर केली. पंचवीस वर्षांपूर्वीची एक्सएमएल फाइल आजही कुठल्याही संगणकावर उघडते आणि डोळ्यांनी वाचता येते. माझ्या दृष्टीने हा तिचा सर्वांत मोठा गुण.

प्रश्न : ताई, माझे मामा बुद्धिबळाचे मोठे शौकीन. साप्ताहिकं-मासिकांतली कोडी कापून त्यांनी वह्यांत चिकटवली, काही स्वतः रचली. वह्या आता माझ्याकडे आहेत, कागद पिवळा पडून तुटायला लागलाय. भाचा म्हणतो, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, काम झालं. तेवढं पुरेल का?
– एक निवृत्त शिक्षक, नारायण पेठ

उत्तर : सर, फोटो आधी काढाच. आज संध्याकाळी काढा. पावसाळ्यात आपल्या पेठांमधल्या जुन्या घरांत भिंतीला लागून ठेवलेल्या कागदाचं काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पान पूर्ण येऊ द्या, कडा कापू नका, आणि चिकटवलेलं कात्रण सुटलं असेल तर त्याच्या मागच्या बाजूचाही फोटो घ्या. मागच्या जाहिरातीवरून किंवा बातमीवरून कात्रण कोणत्या महिन्याचं, हे पुष्कळदा कळतं.

पण फोटोवर काम थांबवू नका. फोटो म्हणजे संगणकासाठी नुसते ठिपके. ‘पांढऱ्याकडे फक्त राजा, हत्ती आणि प्यादं असलेली सगळी कोडी दाखव’ असं फोटोंच्या ढिगाला विचारता येत नाही. मी बुधवार पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात काम करत होते, तेव्हा पटाच्या आकृत्या बुद्धिबळाच्या खास फॉन्टने जुळवायचे. त्यात पांढऱ्या घरातला पांढरा घोडा हे एक अक्षर आणि काळ्या घरातला पांढरा घोडा हे दुसरं. दिसायला आकृती सुरेख, पण फाइलमध्ये असायच्या फक्त अर्थहीन अक्षरांच्या आठ ओळी. फॉन्ट गेला की कोडं गेलं. तेव्हापासून माझं ठाम मत आहे: पट कसा दिसतो ते साठवू नये, पटावर काय आहे ते साठवावं. चित्र त्यावरून केव्हाही काढता येतं.

तर सर, प्रत्येक कोड्यासाठी या गोष्टी लिहून काढा. कोणता मोहरा कोणत्या घरात. अट काय. रचनाकार कोण. कुठे आणि केव्हा छापलं. तारीख अर्धवट असेल तर अर्धवटच लिहा. नुसतं साल, किंवा महिना आणि साल. साच्यात दोन्हींची सोय आहे. ‘१ जानेवारी’ असं मनाने भरू नका. आकृतीखाली (३+१) असा आकडा असेल तर तोही उतरवा. त्याचा अर्थ पांढरे तीन, काळा एक. आता तुम्ही म्हणाल, मोहरे मोजले की हा आकडा आपोआप मिळतो, मग लिहायचा कशाला? जुन्या छपाईत एखादं प्यादं गळणं नेहमीचं होतं, आणि ते गळलंय हे सांगणारा साक्षीदार बहुधा हा छापील आकडाच असतो. म्हणून मोजलेली संख्या मी फाइलमध्ये ठेवत नाही, छापलेली ठेवते. माझं सॉफ्टवेअर दोन्हींची तुलना करतं आणि फरक दिसला तर ओळ लाल करतं.

मामांनी पेन्सिलीने केलेल्या खुणाही सोडू नका. त्यांच्यासाठी ‘टीप’ नावाचा वेगळा कप्पा आहे, आणि टीप कोणाची हेही तिथे लिहिता येतं.

रचनाकाराच्या नावाबद्दल एक सांगते. १८४५ मध्ये लंडनच्या ‘चेस प्लेअर्स क्रॉनिकल’ या मासिकात दिल्लीहून आलेलं एक कोडं छापलं गेलं. रचनाकाराचं नाव होतं ‘शागीर्द’. उंटाने आधी लांब मागे जायचं, मग हत्तीने त्याच्या वाटेत येऊन काळ्या राजाला श्वास घ्यायला जागा द्यायची, आणि शेवटी हत्ती सरकला की उंटाच्या शहाने मात. ही कल्पना इतकी गाजली की कोड्यांच्या जगात तिला आजही ‘इंडियन थीम’ म्हणतात. शागीर्द म्हणजे हेन्री ऑगस्टस लव्हडे हे पाद्री, हे नंतर समजलं. आता फाइलमध्ये नाव कोणतं लिहायचं? दोन्ही. छापलं गेलं ते नाव एका जागी, खरी व्यक्ती दुसऱ्या जागी. तुमचे मामा टोपणनावाने कोडी पाठवत असतील, तर ते टोपणनाव पुसून टाकू नका. उद्या कुणी ते मासिक चाळेल, तेव्हा त्याला तेच नाव दिसणार आहे.

प्रश्न : ताई, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्थितीसाठी एफईएन आणि चालींसाठी पीजीएन असताना नवा फॉरमॅट कशाला? सगळी सॉफ्टवेअर्स तेच वाचतात.
– एक विद्यार्थी, कात्रज

उत्तर : प्रश्न अगदी योग्य विचारलास. आहे ते वापरता येत असेल तर नवं बांधू नये, हे मलाही पटतं. म्हणून आधी त्यांचं देणं मान्य करू. फोर्साइथ या स्कॉटिश पत्रकाराने एकोणिसाव्या शतकात पट एका ओळीत लिहायची युक्ती काढली: आठव्या ओळीपासून खाली यायचं, मोहऱ्याला अक्षर, रिकाम्या घरांना आकडा. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी संगणकासाठी ती वाढवली, म्हणून दोघांच्या नावाने एफईएन. पीजीएनही एडवर्ड्स यांचंच. झालेला डाव नोंदवायला ते उत्तम आहे.

पण डाव ही एक रेघ असते. कोड्याची उकल हे झाड असतं. उदाहरणच बघ. (इतर वाचकांसाठी: घराच्या नावातलं अक्षर म्हणजे उभी रांग, पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच; आकडा म्हणजे आडवी ओळ, पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८.) पांढऱ्याचा राजा सी६ वर, हत्ती एच१ वर, प्यादं एच२ वर. काळ्याचा एकटा राजा ए८ वर. पांढऱ्याची चाल, दोन खेळींत मात. शिकवण्यापुरतं मी मांडलेलं साधं कोडं आहे हे. माझ्या साच्यात ते असं दिसेल. खुणांची नावं इथे देवनागरीत देते; एक्सएमएलला ती तशीही चालतात.

<कोडे>
  <स्थिती>
    <मोहरा बाजू="पांढरी" नाव="राजा" घर="सी६"/>
    <मोहरा बाजू="पांढरी" नाव="हत्ती" घर="एच१"/>
    <मोहरा बाजू="पांढरी" नाव="प्यादे" घर="एच२"/>
    <मोहरा बाजू="काळी" नाव="राजा" घर="ए८"/>
  </स्थिती>
  <अट प्रकार="मात" खेळी="२"/>
  <उकल>
    <ट्राय चाल="राजा बी६">
      <खंडन चाल="राजा बी८"/>
    </ट्राय>
    <की चाल="राजा सी७">
      <उत्तर चाल="राजा ए७">
        <मात चाल="हत्ती ए१"/>
      </उत्तर>
    </की>
  </उकल>
</कोडे>

राजा सी७ ही की-मूव्ह, म्हणजे कोडं सोडवणारी पहिली चाल. काळ्याला ए७ शिवाय जागा नाही, आणि हत्ती ए१ वर आला की मात. आता एच२ च्या प्याद्याकडे बघ. सगळ्या उकलीत ते जागचं हलत नाही, कुणाला मारत नाही, कुठलं घर राखत नाही. मग ते तिथे आहे कशाला? ते काढून बघ. राजा बी६ वर नेला तर काळ्याला फक्त बी८ उरतं, आणि हत्ती एच८ वर जाऊन मात करतो. म्हणजे दोन की-मूव्ह झाल्या, कोडं ‘कुक’ झालं, रचना बाद. प्यादं ठेवलं की हत्तीची वरची वाट बंद होते, आणि राजा बी६ ही मोडीत निघणारी फसवी चाल, म्हणजे ट्राय, होऊन बसते. रचनाकाराने प्यादं का ठेवलं याचं उत्तर सापडतं ते ट्रायच्या फांदीत. ती फांदी फाइलमधून गळली तर मागे राहतो एक बरोबर सुटणारा, पण न समजणारा पट.

पीजीएनमध्ये कंसात पर्यायी चाली लिहिता येतात, हे खरं. पण ही फांदी की आहे, ही ट्राय, हे खंडन, ही धमकी, हे त्याला ठरवून सांगता येत नाही. टिपणात वाक्य लिहावं लागतं, आणि वाक्य संगणकाला कळत नाही. ‘पटावर काळ्याचीच चाल असती तर काय झालं असतं’ याला सेट-प्ले म्हणतात, आणि कितीतरी कोड्यांचं सौंदर्य त्याची की-नंतरच्या चालींशी तुलना केल्यावरच दिसतं. पीजीएनच्या रेघेत ते बसत नाही. अटीची तर जागाच नाही. हेल्पमेटमध्ये काळा आधी चालतो आणि दोघं मिळून काळ्यावर मात घडवतात. सेल्फमेटमध्ये पांढरा काळ्याला भाग पाडून स्वतःवर मात करून घेतो. खेळाच्या प्रोग्रॅमला ही भाषाच ठाऊक नाही.

एफईएनचीही एक अडचण आहे. कॅसलिंगचा, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा, हक्क आहे की नाही हे त्यात लिहावंच लागतं. कोड्यांचा संकेत वेगळा: राजा आणि हत्ती मूळ घरात असतील तर कॅसलिंग चालतं असं धरायचं, जोवर ते अशक्य असल्याचं सिद्ध होत नाही, आणि आन पासाँ, म्हणजे नुकतंच दोन घरं पुढे आलेलं प्यादं वाटेतच मारणं, मात्र आधीची चाल तीच होती हे सिद्ध झालं तरच. म्हणजे हक्क हा कोड्याच्या उत्तराचा भाग असू शकतो. तो वरून लिहून टाकला, तर मागच्या चाली शोधायला लावणाऱ्या कोड्याचं उत्तर तू आधीच फोडलंस.

तुला काम करायचं असेल तर एक सुचवते. एफईएन वाचून ‘स्थिती’ भरणारा आणि ‘स्थिती’वरून एफईएन लिहिणारा छोटा प्रोग्रॅम लिही. उलटसुलट फिरवून तीच ओळ परत आली पाहिजे. आणि पटाच्या आठ घरांच्या ओळीत नऊ भरली तर प्रोग्रॅमने गप्प बसू नये.

प्रश्न : नमस्कार. मी हिंजवडीत नोकरी करतो. आजकाल एक्सएमएल कोण वापरतं? जेसन किंवा यॅमल सुटसुटीत नाही का? आणि फेअरी कोड्यांमध्ये नवेनवे मोहरे येतच राहतात, त्यांचं स्कीमात काय करणार?
– एक सॉफ्टवेअर अभियंता, कोथरूड

उत्तर : जेसन आणि यॅमल याही माहिती साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धती. यॅमलने हे काम होतं, यात शंकाच नाही. याकपीडीबी हा कोड्यांचा मोठा संग्रह यॅमलमध्येच आहे आणि मी तो रोज वापरते. माझी निवड वेगळी आहे ती एका कारणासाठी. कोड्याबरोबर माणसाने लिहिलेलं गद्य असतं: परीक्षकाचं मत, सोडवणाऱ्यांचे शेरे, रचनाकाराचं टिपण. त्या वाक्यांच्या मध्येच चाली येतात. ‘राजा बी६ मोहात पाडते, पण एच२ चं प्यादं आडवं येतं’ या वाक्यातल्या ‘राजा बी६’ला खूण लावून ती थेट उकलीतल्या फांदीशी जोडायची असेल, तर गद्य आणि खुणा एकत्र नांदणारी पद्धत लागते. एक्सएमएल मुळात मजकुरासाठीच जन्मलं, म्हणून तिथे ते सहज होतं. जेसनमध्ये वाक्याचे तुकडे करून रांग लावावी लागते. ती फाइल हाताने दुरुस्त करायची वेळ एखाद्या सत्तरीच्या रचनाकारावर आली तर काय, हे मी नेहमी डोळ्यांपुढे ठेवते.

आता फेअरी मोहऱ्यांबद्दल, म्हणजे नेहमीच्या खेळात नसलेल्या, कल्पनेने रचलेल्या मोहऱ्यांबद्दल. टी. आर. डॉसन यांचा ग्रासहॉपर १९१३ चा: वजिरासारखा सरळ-तिरका निघतो, पण कुणावरून तरी उडी मारून लगेच पलीकडच्या घरातच उतरतो. नाइटरायडर हाही त्यांचाच, एकाच दिशेने घोड्याच्या उड्या मारत जाणारा. मग नियम बदलणाऱ्या अटी आहेत. १९७९ मध्ये आलेल्या ‘मद्रासी’त एकाच जातीचे दोन विरुद्ध मोहरे एकमेकांच्या माऱ्यात आले की दोघंही लुळे पडतात. ‘सर्सी’त मारलेला मोहरा आपल्या मूळ घरात पुन्हा जन्म घेतो. ही यादी कधी बंद होणार नाही, आणि होऊही नये. म्हणून स्कीमात, म्हणजे फाइलमध्ये काय कुठे असावं हे सांगणाऱ्या नियमांत, मी मोहऱ्यांच्या नावांची बंद यादी घातलेली नाही. स्कीमा तपासतो तो सांगाडा: मोहऱ्याला बाजू, नाव आणि घर आहे का, घर पटावरचं आहे का, एकाच घरात दोन मोहरे तर नाहीत. हे शेवटचं नुसत्या स्कीमाने जमवणं कटकटीचं होतं, म्हणून त्याला वेगळी तपासणी. नावं वेगळ्या कोशात राहतात. त्या कोशात प्रत्येक मोहऱ्याची व्याख्या, निरनिराळ्या भाषांतली लघुरूपं आणि छापायचं चिन्ह. बाजू मात्र दोन नव्हे, तीन लागतात, कारण तटस्थ मोहरे असतात. ज्याची चाल असेल तो त्यांना आपले समजतो.

लघुरूपं कोशात ठेवायचं कारण व्यवहारी आहे. घोड्याला इंग्रजी डावांत ‘एन’ लिहितात, पण इंग्रजी कोड्यांत ‘एस’, कारण ‘एन’ नाइटरायडरने घेतला. फ्रेंचमध्ये तोच ‘सी’. फाइलमध्ये नुसतं अक्षर ठेवलं तर ती कोणत्या परंपरेतली, हे वाचणाऱ्याने ओळखत बसायचं. म्हणून फाइलमध्ये पूर्ण नाव, आणि अक्षर छापताना.

चिन्हांची सोय आता चांगली झाली आहे. नेहमीचे बारा मोहरे युनिकोडमध्ये जुनेच आहेत. २०१९ मध्ये आलेल्या १२.० आवृत्तीने फिरवलेले, उलटे आणि तटस्थ मोहरेही दिले. ग्रासहॉपर म्हणजे उलटा वजीर, ही छापखान्याची जुनी रीत आता साध्या मजकुरातही पाळता येते. फॉन्ट मात्र ती चिन्हं असलेला हवा.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी दोन सूचना, दोन्ही अनुभवाच्या. एक: एक्सएमएल स्कीमाचा पूर्णांक फक्त रोमन लिपीबरोबरचे आकडे ओळखतो. ‘खेळी’त देवनागरी २ लिहिला आणि तिथे पूर्णांक सांगितला असेल, तर फाइल नापास होते. वरचा नमुना मी वाचकांसाठी लिहिला. खऱ्या फाइलमध्ये आकडे आणि खुणांची नावं रोमन ठेवते, आणि देवनागरी येते ती नावांत, टिपांत आणि छापलेल्या पानावर. दोन: ‘पांढऱ्या’तला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कळफलक त्यासाठी स्वतंत्र ऱ वापरतात, काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण हा फरक मिटवत नाही. रचनाकाराच्या नावात असा ऱ्या असेल तर शोधताना त्याची अर्धी कोडी सापडत नाहीत. साठवण्याआधी एकच रूप करून घ्या.

प्रश्न : मी रचलेलं तीन खेळींचं कोडं स्टॉकफिशला दिलं. त्याने लगेच मात दाखवली. मग ‘तपासलं’ असं लिहू का? आणि उकल लिहायची गरज आहे का, संगणक केव्हाही काढून देईल?
– एक रचनाकार, पर्वती

उत्तर : नाही, एवढ्यावर लिहू नका. स्टॉकफिश हा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम आहे. त्याचं काम चांगली चाल पटकन शोधणं, आणि त्यासाठी बाकीच्या असंख्य फांद्या न बघता सोडून देणं. तुम्हाला हवंय ते उलट: पांढऱ्याची दुसरी कोणतीही पहिली चाल तीन खेळींत मात करत *नाही*, याची खात्री. त्यासाठी कोडी सोडवणारे प्रोग्रॅम असतात. पॉपआय हा त्यांतला खुल्या स्रोताचा, फुकट मिळणारा. तो इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तीन भाषांत आज्ञा घेतो, हेल्पमेट-सेल्फमेट आणि ढिगाने फेअरी अटी जाणतो, आणि पहिल्या चाली एकेक करून संपवतो. सांगितलंत तर ट्राय आणि त्यांची खंडनंही छापतो. मी माझ्या फाइलवरून पॉपआयची आज्ञा लिहिणारा प्रोग्रॅम केला आहे. त्याचं उत्तर वाचून पुन्हा झाड बांधणाऱ्यावर अजून काम चालू आहे. पॉपआयचं उत्तर माणसाने वाचण्यासाठी मांडलेलं असतं, आणि त्यातली प्रत्येक मोकळी जागा अर्थपूर्ण आहे.

‘सी-प्लस’ ही खूण, म्हणजे संगणकाने तपासलं, ही मोठी जबाबदारीची गोष्ट आहे. फाइलमध्ये ती हो किंवा नाही अशी मी ठेवत नाही. कोणता प्रोग्रॅम, कोणती आवृत्ती, कोणत्या दिवशी, आणि शोध पूर्ण झाला की मध्येच थांबवला, हे चारही लिहायचं. लांब पल्ल्याच्या कोड्यांत शोध संपतच नाही असं होतं. तिथे ‘अपूर्ण’ लिहिणं यात काहीही कमीपणा नाही. खोटा सी-प्लस मात्र पुढच्या प्रत्येक संग्रहात उतरत जातो. आणि स्थिती एका घराने जरी बदलली, तरी जुनी खूण रद्द. हे मी माणसावर सोडलेलं नाही. सॉफ्टवेअर स्थितीचा ठसा तपासणीबरोबर ठेवतं आणि ठसा जुळला नाही तर खूण काढून टाकतं.

आता उकल. संगणक सगळ्या चाली देईल, अगदी सगळ्या. तीन खेळींच्या कोड्याला तो पानंच्या पानं भरेल. त्यातल्या कोणत्या चार फांद्यांसाठी तुम्ही रात्री जागलात, हे त्याला माहीत नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे. म्हणून उकल लिहाच. साच्यात प्रत्येक फांदीवर ‘मुख्य’ अशी खूण करता येते. छापताना तेवढ्याच घेतल्या जातात, बाकी झाड फाइलमध्ये शाबूत राहतं. शिवाय तुमची कल्पना आधी कुणी रचली होती का, हे शोधणाऱ्याला या मुख्य फांद्याच उपयोगी पडतात. कोड्यांच्या जगात अग्रक्रम तारखेवर ठरतो, त्यामुळे पहिल्या प्रसिद्धीची तारीख आणि नंतर दुरुस्त केलेल्या आवृत्तीची तारीख, दोन्ही वेगवेगळ्या लिहा.

प्रश्न : फाइलवरून आकृती छापायला काय वापरता?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : एक्सएसएलटी, म्हणजे एक्सएमएल फाइलचं दुसऱ्या रूपात रूपांतर करणारी भाषा. एकाच फाइलवरून एक नियमावली पडद्यासाठी एसव्हीजी चित्र काढते, दुसरी लाटेकची, म्हणजे छपाईची पानं जुळवणाऱ्या प्रणालीची, फाइल लिहिते. लाटेकमध्ये कोड्यांच्या आकृत्यांसाठी श्टेफान ह्योनिंग यांचं पॅकेज आहे, त्यात फिरवलेले मोहरेही छापता येतात. या अंकातल्या आकृत्या तशाच केल्या आहेत.

प्रश्न : मला संगणक येत नाही. वय झालं, आता शिकणं होणार नाही. माझ्याकडे मी रचलेली दोन खेळींची काही कोडी आहेत. ती या साच्यात येतील का?
– एक आजी, सहकारनगर

उत्तर : आजी, नक्की येतील, आणि मला ती हवी आहेत. साचा कोड्यांसाठी आहे. तुम्ही फक्त कागदावर लिहा, फाइल मी करते. एका कागदावर एकच कोडं. आकृती काढा, आणि त्याखाली प्रत्येक मोहऱ्याचं घर शब्दांत लिहा: पांढरा राजा अमुक घरात, पांढरा वजीर अमुक घरात, असं. मग पांढरे किती, काळे किती, ते मोजून लिहा. आकृती, यादी आणि आकडा तिन्ही जुळले तर मी निर्धास्तपणे पुढे जाईन. एखादं जुळलं नाही तर तुम्हाला पत्र टाकून विचारेन, मनाने दुरुस्त करणार नाही. की-मूव्ह लिहा, तुम्हाला आवडतात ती काळ्याची उत्तरं लिहा, आणि लोक कुठे फसतील असं तुम्हाला वाटतं ती चालही लिहा. कोडं केव्हा सुचलं ते आठवत असेल तर साल द्या. आधी कुठे छापून आलं असेल तर त्या अंकाचं नाव. प्याद्याच्या जागी बटण काढलंत तरी चालेल, फक्त पांढरं की काळं ते बाजूला लिहा. पत्ता मासिकाच्या पहिल्या पानावर आहे. पाकिटावर ‘कोडी’ एवढा शब्द घाला, म्हणजे ते थेट माझ्या टेबलावर येईल.